शेतातील हवामान केंद्राची बॅटरी: निवड, बदल आणि बदलानंतरची पहाट

हवामान केंद्र बंद पडले की सहसा घडते ते असे. शेतकरी दुपारी वेळ काढून बागेत जातो, पेटी उघडून मल्टिमीटर लावतो, 13 व्होल्टच्या वरचा आकडा पाहून बुचकळ्यात पडतो, तरीही जुन्या बॅटरीवरचे माप वाचून तालुक्याच्या गावातून तशीच नवी आणतो आणि लाल-काळ्या तारा जोडून घरी परततो. केंद्र सुरू होते. मग गोडी छाटणीनंतरच्या (द्राक्षाच्या फळछाटणीनंतरच्या) एखाद्या ढगाळ आठवड्यात, म्हणजे पान किती तास ओले राहिले हे कळल्याशिवाय डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी ठरवता येत नाही अशा नेमक्या वेळी, ते पुन्हा बंद पडते आणि दोष नव्या बॅटरीच्या माथी मारला जातो.

या सगळ्यात पहिली चूक दुपारच्या मोजणीची आणि दुसरी चूक जुन्या मापाची नक्कल करण्याची असते. पुढील टप्पे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत, तसेच डाळिंबाच्या बागांत आढळणाऱ्या नेहमीच्या रचनेसाठी आहेत: 12 व्होल्टची बॅटरी, 10 ते 20 वॅटचे सौर पॅनेल, पॅनेलकडून बॅटरीत जाणारा प्रवाह आवरणारा चार्ज कंट्रोलर, सेन्सरच्या नोंदी साठवणारा डेटा लॉगर आणि त्या पाठवणारा, सिमकार्डावर चालणारा मोडेम. लहान बिनतारी संचांचे शेवटी वेगळे पाहू.

सावधान: हे सर्व स्वतःच्या मालकीच्या केंद्रापुरते आहे. महसूल मंडळातील महावेध केंद्र (राज्य शासनाच्या प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्र) गावाच्या हद्दीत असले तरी त्याची पेटी उघडू नये. हवामान आधारित फळपीक विम्याचा हिशोब त्या नोंदींवर होतो. तेथे बिघाड दिसल्यास कृषी विभागाला लेखी कळवावे.

## टप्पा 1: पहाटेचा व्होल्टेज वाचा

बहुतेक लॉगर तापमान-पावसाबरोबर स्वतःच्या बॅटरीचा व्होल्टेजही नोंदवतात, आणि मोबाइल ॲपमध्ये किंवा उतरवलेल्या फाइलमध्ये त्याचा वेगळा रकाना असतो. तो रकाना कोणी उघडत नाही. प्रथम मागील दहा दिवसांचा प्रत्येक दिवसाचा सर्वांत कमी आकडा, जो साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास येतो, आणि सर्वांत जास्त आकडा वहीत लिहून काढावा. दुपारी पॅनेलचा प्रवाह बॅटरीत जात असल्याने तेव्हाचा आकडा चार्जिंगचा असतो, बॅटरीच्या साठ्याचा नव्हे. रात्रभर भार सोसून पहाटे जे उरते तेच खरे.

विश्रांत अवस्थेतील 12 व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे 12.8, निम्मी असताना सुमारे 12.2 आणि जवळजवळ रिकामी असताना 11.8 व्होल्ट दाखवते. दहा दिवसांच्या आकड्यांतून तीनपैकी एक चित्र दिसते.

दिवसा व्होल्टेज झटपट 14.4 पर्यंत चढतो, पण सूर्य मावळल्यावर दोन-तीन तासांत 12 च्या खाली येतो, असे असेल तर बॅटरीची धारणक्षमता संपलेली आहे. लहान भांडे लवकर भरते आणि लवकर रिते होते, तसाच हा प्रकार. अशी बॅटरी बदलावीच लागते.

स्वच्छ उन्हाच्या दिवशीही आकडा 13.2 च्या पुढे जात नसेल, तर चार्जिंग होत नाही. येथे नवी बॅटरी बसवणे म्हणजे तिलाही उपाशी ठेवणे होय. लेड-ॲसिड बॅटरी अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि काही आठवड्यांतच तिची क्षमता कायमची घटते.

तिसरे चित्र फसवे असते. पहाट आणि दुपार दोन्ही आकडे ठीक दिसतात, परंतु माहिती पाठवण्याच्या वेळी केंद्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते किंवा मधले तास गायब असतात. 2जी मोडेम प्रसारणाच्या क्षणी 2 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असेल किंवा टर्मिनल गंजलेले असेल, तर त्या क्षणापुरता व्होल्टेज कोसळतो आणि पुढच्या नोंदीपर्यंत सावरतो. अशा वेळी बॅटरीचा भार-चाचणीने (कृती टप्पा 2 मध्ये) निकाल लावावा. (त्याआधी सिमकार्डाचा रिचार्ज पाहून घ्यावा. पेटी उघडून, तारा सोडवून, शेवटी संपलेला रिचार्ज सापडण्याचा प्रकार वाटतो त्याहून नेहमीचा आहे.)

## टप्पा 2: दोष बॅटरीचाच आहे ना?

पॅनेलपासून सुरुवात करावी. फवारणीचे तुषार आणि धूळ मिळून काचेवर पांढुरका थर बसवतात. तो पाण्याने व मऊ फडक्याने काढावा, ॲसिडने किंवा घासणीने नव्हे. सकाळी, दुपारी व चार वाजता पॅनेलवर सावली पडते का ते पाहावे. पॅनेलमधील सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली शेवग्याच्या फांदीची सावलीही बराच प्रवाह अडवते, आणि केंद्र उभारले तेव्हा कमरेएवढे असलेले झाड तीन वर्षांत पॅनेलच्या वर गेलेले असते.

त्यानंतर व्होल्टेज दोन ठिकाणी मोजावा: एकदा कंट्रोलरच्या बॅटरी-टर्मिनलवर आणि एकदा प्रत्यक्ष बॅटरीच्या टर्मिनलवर. पॅनेल चार्ज करीत असताना या दोन आकड्यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर मधली तार, फ्यूजधारक किंवा टोकाची क्लिप खराब आहे. पांढरा-हिरवा गंज दिसत असेल तर उत्तर समोरच आहे.

भार-चाचणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब पुरतो. तो सुमारे 1.75 अँपिअर घेतो. बॅटरी केंद्रापासून सोडवावी, मिनिटभर बल्ब लावून चार्जिंगचा वरवरचा फुगवटा काढावा, दहा मिनिटे थांबावे, मग बल्ब पाच मिनिटे लावून ठेवून व्होल्टेज पाहावा. भरलेली, निरोगी 7 अँपिअर-तासाची (अँपिअर-तास म्हणजे बॅटरीच्या साठ्याचे माप) बॅटरी या भाराखाली 12 व्होल्टच्या वर राहते. ती 11.5 च्या खाली गेली तर तिच्यावर अधिक वेळ घालवू नये.

तपासणी: पॅनेल स्वच्छ, सावली नाही, दोन ठिकाणच्या मोजणीत फरक नाही आणि तरीही बॅटरी भार-चाचणीत नापास, असे चारही मुद्दे जुळले तरच पुढे जावे.

## टप्पा 3: केंद्राचा रोजचा खर्च काढा

निवडीचा पाया जुन्या बॅटरीचे माप नसून केंद्राचा रोजचा खर्च हा आहे. लॉगर व सेन्सर यांचा अखंड प्रवाह आणि मोडेमचा चालू असतानाचा सरासरी प्रवाह हे दोन आकडे माहितीपुस्तिकेत मिळतात. न मिळाल्यास मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून लाल तारेत एकसर जोडून मोजावे.

उदाहरण घेऊ. लॉगर व सेन्सर मिळून 12 मिलिअँपिअर घेतात, म्हणजे 24 तासांत सुमारे 0.29 अँपिअर-तास. मोडेम दर 15 मिनिटांनी जागा होतो, दोन मिनिटे चालतो आणि सरासरी 200 मिलिअँपिअर घेतो. दिवसाच्या 96 फेऱ्या म्हणजे 192 मिनिटे, म्हणजे 0.64 अँपिअर-तास. एकूण रोजचा खर्च 0.93.

आता सलग पाच दिवस सूर्यदर्शन झाले नाही असे धरावे. पाच दिवसांचा खर्च 4.65 होतो. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून दुप्पट, 9.3, आणि वाढत्या वयाने होणाऱ्या घटीसाठी वीस टक्के धरले की 11.2. म्हणजे 12 अँपिअर-तासाची बॅटरी हवी. अशा केंद्रात 7 चे माप बसवलेले असेल, तर ते पहिल्या वर्षी चालते आणि दुसऱ्या पावसाळ्यात हात टेकते.

मोठी बॅटरी घेण्याआधी एक विनाखर्च उपाय पाहावा. माहिती दर 15 मिनिटांऐवजी तासाला एकदा पाठवण्याची व्यवस्था केली, तर मोडेमचा खर्च 0.16 वर येतो, रोजची बेरीज 0.45 होते आणि त्याच हिशोबाने 7 चे माप पुरेसे ठरते. नोंद दर 15 मिनिटांनीच होत राहते, फक्त पाठवणी तासाने होते. रोग-अंदाजाच्या कामाला एवढे चालते. दंवाचा तत्काळ इशारा हवा असेल तर मात्र चालत नाही.

पॅनेलचाही हिशोब याच बैठकीत करावा. रोजचे 0.93 अँपिअर-तास म्हणजे सुमारे 12 वॅट-तास. दाट ढगांच्या दिवशी पूर्ण उन्हाचे दीड तासच धरले आणि कंट्रोलर, धूळ व तारा यांत चाळीस टक्के गळती धरली, तर 10 वॅटचे पॅनेल 9 वॅट-तास देते, 20 वॅटचे 18. पहिले तुटीत आहे. ही तूट कोणतीही बॅटरी भरून काढू शकत नाही, ती फक्त बंद पडण्याची तारीख पुढे ढकलते.

## टप्पा 4: प्रकार ठरवा

सीलबंद लेड-ॲसिड. बाजारात एसएमएफ किंवा व्हीआरएलए या नावाने मिळते. स्वस्त असते, तालुक्याला मिळते आणि जुन्या कंट्रोलरवर सेटिंग न बदलता चालते. उष्णता हा हिचा खरा शत्रू आहे: सततचे तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा या बॅटऱ्यांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात टांगलेल्या लोखंडी पेटीचे आतून काय होत असेल याची कल्पना करावी. त्यामुळे पेटी पॅनेलच्या सावलीत, शक्यतो खांबाच्या उत्तर बाजूस असावी आणि तिचा रंग पांढरा असावा. खरेदी करताना यूपीएससाठीची नव्हे, तर सौर किंवा डीप सायकल (रोज खोलवर उतरून पुन्हा भरण्याच्या) वापरासाठीची बॅटरी मागावी.

लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी. चार सेलांची, 12.8 व्होल्टची. ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवता येते, म्हणून वरच्या उदाहरणात 12 ऐवजी साधारण 7 पुरते. तेही जेमतेम असल्याने त्यापुढचे माप घ्यावे. उष्णतेत लेड-ॲसिडपेक्षा बरी टिकते आणि वजन निम्म्याहून कमी असते. अटी मात्र तीन आहेत. आत संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असलीच पाहिजे. कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग हवी, 14.6 व्होल्टच्या वर चार्जिंग जाऊ नये आणि इक्वलायझेशन, म्हणजे लेड-ॲसिडसाठी अधूनमधून केले जाणारे जादा चार्जिंग, बंद असावे. शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा बराच खाली येतो, पण गोठणबिंदू गाठण्याची वेळ क्वचितच असते आणि तेव्हा सूर्यही उगवलेला नसतो, त्यामुळे आपल्याकडे ही अट सहसा आड येत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी: एलएफपीचा व्होल्टेज निम्म्याहून अधिक साठा संपेपर्यंत 13.2 च्या आसपासच राहतो. टप्पा 1 मधील लेड-ॲसिडचे आकडे तिला लावू नयेत.

काय घेऊ नये. मोटरसायकलची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते; रोज उतरणे आणि भरणे तिच्या पातळ पट्ट्यांना सोसत नाही. एक जुनी आणि एक नवी अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडण्याचा मोहही टाळावा, कारण जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर आणते.

## टप्पा 5: दुकानात आणि घरी

बॅटरीवरील उत्पादनाची तारीख वाचून सहा महिन्यांपेक्षा जुना माल परत करावा. दुकानातच मल्टिमीटर लावावा, लेड-ॲसिड 12.6 च्या खाली असेल तर दुसरी मागावी. टर्मिनलची पाती 4.75 मिलिमीटर रुंद आहेत की 6.35, हे जुनीशी ताडून पाहावे, नाहीतर शेतात क्लिप सैल बसते आणि टप्पा 1 मधले तिसरे चित्र नव्या बॅटरीनिशी परत येते.

घरी आणल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करूनच शेतात न्यावी. लेड-ॲसिडचा चार्जिंग प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावा, म्हणजे 12 अँपिअर-तासाला साधारण 1.2 अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर वापरू नये. एलएफपीसाठी तिचाच चार्जर हवा. चार्ज झाल्यावर बॅटरी रात्रभर मोकळी ठेवून सकाळी पुन्हा मोजावी, लेड-ॲसिड 12.8 च्या आसपास टिकली तर ती पिशवीत भरावी.

## टप्पा 6: दिवस आणि साहित्य

बदलासाठी दोन हंगाम योग्य असतात: पावसाळ्यापूर्वी मेचा पहिला पंधरवडा आणि गोडी छाटणीच्या आधीचा सप्टेंबरअखेर. वेळ सकाळची असावी, कारण मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि मोकळ्या रानात लोखंडी खांबाला हात लावून उभे राहण्याची ती वेळ नव्हे. ताजी फवारणी झालेल्या बागेतही जाऊ नये.

बरोबर घ्यायचे ते: मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पान्हा व पेचकस, 5 अँपिअरचे दोन फ्यूज, बारीक पॉलिश कागद, व्हॅसलिन, जाड गोणपाट, ओलावा शोषणारा नवा सिलिका जेल, मार्कर आणि रबरी हातमोजे. पेटीत मुंगळे किंवा गांधीलमाश्या निघतात, म्हणून झाकण एकदम उघडू नये.

## टप्पा 7: काढण्याचा आणि जोडण्याचा क्रम

येथे क्रम चुकला तर बॅटरी नव्हे, कंट्रोलर किंवा लॉगर जळतो. उन्हात उभ्या असलेल्या 12 व्होल्टच्या पॅनेलचा मोकळा व्होल्टेज 20 च्या पुढे असतो. मध्ये बॅटरी नसताना तो कंट्रोलरला मिळाला, तर काही साधे कंट्रोलर तो तसाच पुढे लॉगरकडे सोडतात, आणि 12 की 24 व्होल्ट हे आपोआप ओळखणारे कंट्रोलर चुकीचा निष्कर्ष काढतात.

1. लॉगरमधील माहिती आधी उतरवून घ्यावी आणि केंद्र बंद करण्याची वेळ वहीत लिहावी.
2. तारांचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. रंगांवर विश्वास ठेवू नये. मागच्या कारागिराने दोन्ही तारा काळ्या वापरलेल्या असू शकतात.
3. पॅनेलवर गोणपाट बांधावे.
4. कंट्रोलरवरून प्रथम लॉगरच्या, म्हणजे लोडच्या, तारा सोडवाव्यात.
5. त्यानंतर पॅनेलच्या तारा सोडवून त्यांची उघडी टोके टेपने झाकावीत.
6. शेवटी बॅटरी सोडवावी: आधी ऋण, मग धन. ऋण तार आधी निघालेली असली, की धन टर्मिनलवरचा पान्हा चुकून खांबाला लागला तरी ठिणगी पडत नाही.
7. क्लिपा व फ्यूजधारक पॉलिश कागदाने चकचकीत करावेत. आतून काळी पडलेली तार कापून नवे टोक काढावे.
8. नवी बॅटरी बसवून आधी धन आणि नंतर ऋण जोडावे. जोड घट्ट झाल्यावरच वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.
9. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार तपासावा आणि गरज असल्यास बदलावा.
10. मग पॅनेल आणि सर्वांत शेवटी लोड जोडावे. गोणपाट काढण्यास विसरू नये; विसरणारे विसरतात.

सावधान: फ्यूज धन तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ असावा. फ्यूज उडाल्यास त्याजागी तांब्याची तार गुंडाळू नये.

तपासणी: लोड जोडल्यावर, माहिती पाठवली जात असताना मल्टिमीटर बॅटरीवर धरून ठेवावा. प्रसारणाच्या क्षणी व्होल्टेज 0.3 पेक्षा जास्त घसरत असेल, तर कुठलातरी जोड सैल आहे.

## टप्पा 8: घड्याळ, पर्जन्यमापक आणि झाकण

लॉगरमधील बटन सेल, बहुधा 3 व्होल्टचा सीआर2032, याकडे दुर्लक्ष होते. तो मुख्य बॅटरी जोडून लॉगर सुरू झाल्यावरच बदलावा, म्हणजे घड्याळ थांबत नाही. सेल काढण्यासाठी धातूचा चिमटा नव्हे, लाकडी काडी वापरावी. नंतर लॉगरची वेळ मोबाइलशी ताडावी. घड्याळ जागतिक वेळेवर असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो; आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी 8.30 ला संपणाऱ्या 24 तासांचा धरला जातो, त्यामुळे सकाळी 8.30 ते दुपारी 2 या वेळेतली सर चुकीच्या दिवसात जाऊन बसते.

काम करताना खांब हलल्याने पर्जन्यमापकातील टिपिंग बकेट (ठरावीक पाणी साचले की कलंडून पाऊस मोजणारे छोटे पात्र) एक-दोनदा कलंडते आणि कोरड्या दिवशी पावसाची खोटी नोंद होते. ती नोंद वहीतील वेळेवरून ओळखून वगळावी. शेवटी नवा सिलिका जेल ठेवून, केबल ग्लँड (तार पेटीत शिरते तेथील आवळपेच) आवळून, झाकणाचे रबर नीट बसल्याचे बोट फिरवून पाहावे. बॅटरीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहावी.

लेड-ॲसिडची पेटी मात्र पूर्ण हवाबंद करू नये. जादा चार्जिंग झाल्यास तीतून हायड्रोजन निघतो. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या भागात, पण पाऊस आत शिरणार नाही अशा जागी, जाळी लावलेले छोटे श्वासछिद्र असावे.

## टप्पा 9: पहिली पहाट आणि दहावी पहाट

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हे, पहाटेचा आकडा पाहावा. लेड-ॲसिडसाठी तो 12.5 च्या वर अपेक्षित आहे. त्यापेक्षा खाली असेल, तर घरी चार्जिंग अपुरे राहिले किंवा खर्चाचा हिशोब चुकला. त्यानंतर दहा दिवस रोज तो लिहावा. आकडा वर-खाली होत राहणे स्वाभाविक आहे. ढगाळ दिवसानंतर उतरलेला आकडा दोन स्वच्छ दिवसांत मूळ जागी यायला हवा. तो येत नसेल तर टप्पा 3 मधील पॅनेलचा हिशोब पुन्हा करावा. एलएफपी बसवली असेल तर पहाटेच्या आकड्याऐवजी स्वच्छ दिवशी चार्जिंग 14 व्होल्टच्या वर पोहोचते का ते पाहावे.

## लहान बिनतारी संचांविषयी

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या संचात सर्व सेल एकदम आणि एकाच प्रकारचे बदलावेत. रिचार्ज होणारा सेल 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचा असतो, त्यामुळे काही संच त्याला पहिल्या दिवसापासून रिकामा समजतात. अल्कलाइन सेल चालतात, पण संपल्यावर आतच राहिले की गळून पत्र्या खातात. म्हणून दर पावसाळ्यापूर्वी ते काढून पाहावेत. 3.6 व्होल्टचे लिथियम थायोनिल क्लोराइड सेल दिसायला पेन्सिल सेलसारखे असले तरी त्यांच्या जागी दुसरे काही बसवू नये आणि ते कधीही चार्ज करू नयेत.

## जुनी बॅटरी

काढलेली बॅटरी बांधावर किंवा विहिरीजवळच्या खोलीत ठेवू नये. टर्मिनलवर टेप लावून ती दुकानदाराकडे परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि लेड-ॲसिडच्या भंगाराचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते करून मिळतात. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र जीपमध्ये इतर सामानाखाली दाबून नेऊ नये. ती वाळूच्या बादलीत, एकटीच न्यावी.